जपानी ओव्हीएची डिस्क: निवडण्यापासून फाइल करेपर्यंत

थिएटर आणि टीव्ही दोन्ही वगळून सरळ कॅसेटवर किंवा डिस्कवर विकायला काढलेलं जपानी अ‍ॅनिमे म्हणजे ओव्हीए, ओरिजिनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन. डिसेंबर १९८३ मध्ये स्टुडिओ पिएरोने केलेलं 'डॅलोस' बांदाईने बाजारात आणलं आणि तिथून हा प्रकार सुरू झाला, असं मानतात. सुरुवातीला त्याला ओएव्हीही म्हणत. मासिकाच्या किंवा मंगाच्या (जपानी कॉमिकच्या) खास आवृत्तीसोबत मिळणाऱ्या डिस्कला पुढे ओएडी हे नाव पडलं. टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या चौकटीत बसायची सक्ती नसल्याने भाग किती मिनिटांचा आणि मालिका किती भागांची, हे बनवणारेच ठरवत. 'टॉप ओ नेराए', म्हणजे 'गनबस्टर', सहा भागांत संपतं, तर 'लिजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज'चे ११० भाग १९८८ ते १९९७ या काळात निघाले आणि ते टपालाने वर्गणीदारांच्या घरी जात.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कामात लक्षात ठेवावी लागते. सिनेमाची कॅसेट ही सिनेमाची नक्कल असते, पण ओव्हीएची कॅसेट हेच त्याचं पहिलं प्रदर्शन होतं. कुठली डिस्क घेतली, ती कशावर लावली, तिची फाइल कशी केली, यावर समोर दिसणारं चित्र थेट अवलंबून असतं. मेहनतीने काढलेली सेलवरची, म्हणजे रंगवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पानावरची, बारीक रेघ चुकीच्या एका सेटिंगने कशी करवतीसारखी होते, ते खाली येईलच.

आधी क्रम लावा

पेटीवरचा आकडा किंवा प्रदर्शनाची तारीख, दोन्हींवर डोळे झाकून विसंबू नका. 'डॅलोस'चा दुसरा भाग डिसेंबर १९८३ मध्ये आधी आला आणि पहिला जानेवारी १९८४ मध्ये. तारखेप्रमाणे फाइली लावल्या की गोष्ट मधूनच सुरू होते. 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर'च्या ओव्हीएचं तर उलटंच आहे. १९९३-९४ मध्ये आलेल्या सहा भागांत कथेचा उत्तरार्ध आहे, आणि पूर्वार्धाचे सात भाग २००० ते २००२ या काळात निघाले. आधी नवे सात, मग जुने सहा, असं पाहायचं. मधेच चित्राची शैली मागे गेल्यासारखी वाटेल, ती तशीच आहे.

'पॅटलेबर'मध्ये गोंधळ वेगळा आहे. १९८८-८९ चे पहिले सात भाग, १९८९ चा सिनेमा, मग ४७ भागांची टीव्ही मालिका आणि १९९० ते १९९२ मधले १६ भागांचे दुसरे ओव्हीए. टीव्ही मालिका पहिल्या ओव्हीएच्या पुढे जात नाही, ती सगळं नव्याने मांडते. दुसरं ओव्हीए मात्र टीव्ही मालिकेचाच पुढचा हप्ता आहे आणि ग्रिफॉन या शत्रूच्या रोबोच्या प्रकरणाचा शेवट त्यातच आहे. त्यामुळे दोन्ही ओव्हीए लागोपाठ पाहिले, तर दुसऱ्यात कोण कोणाचा शत्रू तेच कळत नाही. प्रदर्शनाचा क्रम इथे बरोबर आहे.

'गॅलॅक्टिक हीरोज'मध्ये फेब्रुवारी १९८८ चा सिनेमा, मग ११० भाग, मग गायदेनचे, म्हणजे उपकथांचे, ५२ भाग. गायदेनमधल्या घटना काळाने आधीच्या आहेत, म्हणून ते आधी लावायचा मोह होतो. लावू नका. कोण मोठा होणार आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे असं धरूनच ते रचलेले आहेत.

कोणती आवृत्ती घ्यायची

एकाच ओव्हीएच्या व्हीएचएस, लेझरडिस्क, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे अशा चार आवृत्त्या असू शकतात. ब्ल्यू-रे नेहमी उत्तमच असेल असं धरू नका. पहिला प्रश्न हा की चित्र मुळात कशावर तयार झालं. ऐंशी आणि नव्वदच्या दशकात सेल रंगवून फिल्मवर चित्रण होई. फिल्मची निगेटिव्ह शिल्लक असेल आणि तिचं नव्याने स्कॅनिंग झालं असेल, तर ब्ल्यू-रे खरोखर नवं काही दाखवतो: सेलवरचा धुळीचा कण, पार्श्वभूमीच्या कागदाचा पोत, केसांच्या टोकाची निमुळती रेघ. २००० च्या आसपास रंगकाम आणि जुळणी संगणकावर गेली आणि त्या सुरुवातीच्या वर्षांतली बरीच कामं डीव्हीडीच्याच रेझोल्यूशनला तयार झाली. 'एफएलसीएल' (२०००-०१) तसंच आहे. त्याचा ब्ल्यू-रे मोठं करून बसवलेलं चित्र देतो. अशा वेळी चांगली डीव्हीडी हाताशी असेल तर घाई करू नका.

नुसत्या नमुना-चित्रांवरूनही पुष्कळ कळतं. स्थिर दृश्यात नाक-हनुवटीची काळी रेघ पाहा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी पांढुरकी कड दिसत असेल, तर चित्र कृत्रिमरीत्या धारदार केलेलं आहे. फिल्मचे दाणे अजिबात नसतील आणि गालावरचे रंग मेणासारखे सपाट दिसत असतील, तर दाणे काढताना रेघाही खाल्ल्या गेल्या आहेत. पांढऱ्या शर्टाच्या पट्ट्यांवर किंवा मशिनरीच्या बारीक रेघांवर इंद्रधनुष्यी झाक तरळत असेल, तर मास्टर, म्हणजे डिस्क ज्यावरून काढली ती प्रत, कंपोझिट व्हिडिओवरून (प्रकाश आणि रंग एकाच सिग्नलमध्ये मिसळलेले) घेतलाय, म्हणजे कॅसेटच्या जमान्यातला. ही झाक नंतर पूर्ण निघत नाही.

जुना माल घेताना ओबी शाबूत आहे का ते विचारा. ओबी म्हणजे जॅकेटला कडेने गुंडाळलेली कागदी पट्टी. संग्राहकांत तिच्यामुळे किंमत बदलते, चित्रावर काही परिणाम नाही. फक्त पाहायचं असेल तर ओबी नसलेली प्रत घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या ड्राइव्हवर खर्च करा. तोक्योच्या नाकानो ब्रॉडवेमधल्या मांदाराकेसारख्या जुन्या मालाच्या दुकानांत डिस्कच्या अवस्थेची नोंद दिलेली असते, ती भाषांतर करून नीट वाचा. कॅसेट घेताना व्हीएचएस आहे की बेटा, हे नक्की करा. त्या काळात दोन्हींत माल निघायचा. व्हीएचएसची कॅसेट सुमारे १८७ मिलिमीटर लांब, बेटाची १५६. फोटोत फरक चटकन लक्षात येत नाही आणि बेटा कॅसेट व्हीएचएसच्या मशीनला उपयोगाची नाही.

जपानी डीव्हीडीवर इंग्रजी सबटायटल बहुधा नसतात. असतील तर मागच्या बाजूला भाषा लिहिलेली असते. नसतील तर ती सोय वेगळी करावी लागेल, हे घेण्याआधीच ठरवा.

रिजन आणि टीव्ही

डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा कोड म्हणजे रिजन. डीव्हीडीला जपान रिजन २, अमेरिका १ आणि भारत ५. ब्ल्यू-रेला जपान आणि अमेरिका दोन्ही ए, भारत सी. म्हणजे अमेरिकन ब्ल्यू-रे जपानी प्लेयरवर चालेल, पण इथल्या दुकानातून घेतलेला प्लेयर रिजनने बांधलेल्या डिस्कला नकार देईल. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन पाचदा बदलता येतो. पाचव्यांदा बदलला की तोच कायमचा. म्हणून आळीपाळीने इथल्या आणि जपानी डिस्क लावत बदलत बसू नका. एक जुना ड्राइव्ह रिजन २ वर ठेवा आणि त्याला तसंच राहू द्या.

जपानी डिस्क एनटीएससी या टीव्ही मानकाची असते: सेकंदाला २९.९७ फ्रेम, ४८० ओळी. आजचे सगळे फ्लॅट टीव्ही ती सहज दाखवतात. घरात जुना, फक्त पीएएल हे आपल्याकडचं मानक समजणारा पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल, तर चित्र कृष्णधवल येईल किंवा वर सरकत राहील. ही तपासणी 'गनबस्टर'च्या सहाव्या भागावर करू नका. तो भाग मुळातच कृष्णधवल आहे आणि वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून रुंद चौकटीत केला आहे. रंग फक्त अगदी शेवटी येतो. पहिल्या भागात रंग दिसले, तर टीव्ही ठीक आहे.

टीव्हीचा झूम किंवा वाइड मोड बंद करा. या काळातलं जवळपास सगळं काम ४:३ आहे. १६:९ मध्ये ताणलं की चेहरे पसरतात आणि झूम केलं की कपाळ आणि हनुवटी कापली जाते. चौकटीत प्रत्येक गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवण्यात लेआउट काढणाऱ्याचे दिवस गेलेले असतात, तेव्हा दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन करा.

डीव्हीडीवरून फाइल

स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची, स्वतःपुरती फाइल करायची आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे. ती इतरांना वाटायची नाही.

मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने डिस्क वाचा. प्रत्येक भाग वेगळ्या टायटलमध्ये असतो आणि बहुतेक वेळा 'सगळे सलग' असं आणखी एक टायटलही असतं. दोन्ही उतरवलीत तर तोच मजकूर दोनदा येतो. भागांची टायटल घ्या, सलग असेल ते सोडा. किमान लांबीची सेटिंग मूळची १२० सेकंद असते. त्याहून छोट्या जाहिराती आणि पुढच्या भागाची झलक हवी असेल, तर ती १० सेकंदांवर आणा. अर्ध्या तासाचा भाग सरासरी ६ मेगाबिटने साठवलेला असेल, तर फाइल सुमारे १.३५ गिगाबाइटची होते. आवाज लिनियर पीसीएम, म्हणजे न दाबलेला, असेल तर त्यातले जवळपास ३४५ मेगाबाइट एकट्या आवाजाचे. आवाज एफएलएसीमध्ये बदलला तर जागा बरीच वाचते आणि एकही बिट हरवत नाही.

इथेच थांबलात तरी चालेल. किंबहुना ही पुन्हा न दाबलेली फाइल नेहमी जपून ठेवा, पुढचे प्रयोग तिच्या नकलेवर करा.

आता खरं कौशल्याचं काम. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, व्हिडिओ २९.९७ चा. ते जुळवायला फिल्मच्या ४ फ्रेम व्हिडिओच्या १० फील्डमध्ये (एक फील्ड म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक ओळी) पसरवतात: पहिल्या फ्रेमला दोन फील्ड, दुसरीला तीन, तिसरीला दोन, चौथीला तीन. १० फील्ड म्हणजे व्हिडिओच्या ५ फ्रेम. त्यांतल्या ३ स्वच्छ असतात आणि २ मध्ये शेजारच्या दोन चित्रांच्या ओळी एकमेकींत गुंफलेल्या असतात. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते या दोन फ्रेममुळे.

तुमच्या डिस्कवर नेमकं काय आहे, हे डोळ्याने मोजता येतं. व्हीएलसी प्लेयरमध्ये डीइंटरलेस (ओळींची गुंफण लपवणारा फिल्टर) बंद करा आणि ई हे अक्षर दाबत एकेक फ्रेम पुढे जा. दृश्य मात्र विचारपूर्वक निवडा. अ‍ॅनिमेमध्ये चालणाऱ्या माणसाचं चित्र फिल्मच्या दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेमला बदलतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. त्यामुळे पात्राकडे बघून मोजलं तर कंगवा कधी दिसतो, कधी गायब होतो आणि हिशोब लागत नाही. कॅमेरा पार्श्वभूमीवरून सरकतोय असं दृश्य घ्या: आकाशातून खाली येणारा शॉट, शहरावरून आडवा जाणारा शॉट. तिथे फिल्मच्या प्रत्येक फ्रेमला चित्र सरकतं. आता किमान २० फ्रेम कागदावर लिहा, स्वच्छ असेल तर स, कंगवा असेल तर क.

स स स क क, स स स क क असं आलं, तर ती वर सांगितलेली पसरवणी, म्हणजे टेलिसिने, आहे आणि ती उलटवून मूळ २४ फ्रेम परत मिळवता येतात. कंगवा कुठेच नसेल, तर डिस्कवर मूळ फ्रेमच आहेत आणि पसरवायचं काम प्लेयरवर सोडलं आहे. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये त्याला प्रोग्रेसिव्ह आणि २:३ पुलडाउन असं लिहिलेलं दिसेल, त्याला हात लावू नका. प्रत्येक फ्रेमला कंगवा असेल, तर तो भाग मुळात व्हिडिओवरच तयार झाला आहे. आणि कंगव्याऐवजी दोन चित्रं एकमेकांत विरघळल्यासारखी, भुतासारखी छाया दिसत असेल, तर ती डिस्क दुसऱ्या मानकातून बदलून काढली आहे. युरोपात निघालेल्या काही जुन्या डिस्कांत हे आढळतं. त्यावर घरगुती उपाय जवळपास नाही, जपानी किंवा अमेरिकन डिस्क शोधणंच बरं.

टेलिसिने असेल तर हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डीटेलिसिने चालू करा, डीइंटरलेस बंद ठेवा आणि फ्रेमरेट 'मूळाप्रमाणे' आणि 'बदलता' असा ठेवा. कमांडने चालणारं एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी फील्डमॅच (जुळणारी फील्ड पुन्हा जोडणारा), मग फक्त उरलेल्या कंगव्यासाठी यादिफ आणि शेवटी डेसिमेट (दुहेरी फ्रेम काढणारा), या क्रमाने फिल्टर लावावेत. क्रम उलटा झाला तर डेसिमेटला कंगवा असलेल्या फ्रेम वेगवेगळ्या वाटतात आणि ते चुकीची फ्रेम टाकतं. निकाल २३.९७६ (व्यवहारात हेच २४) यायला हवा. ते पुन्हा त्याच सरकत्या शॉटवर तपासा: एकही फ्रेम दोनदा येऊ नये, एकही गळू नये.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे टेलिसिनेवर थेट डीइंटरलेस लावणं. कंगवा जातो म्हणून काम झालंसं वाटतं. पण दर पाच फ्रेममध्ये एक दोनदा दिसते आणि सरकते शॉट अडखळतात. त्याहून वाईट म्हणजे फिल्टर अर्ध्या ओळी फेकून त्या अंदाजाने भरतो. लाइव्ह चित्रणात ते खपून जातं. सेलवरच्या तिरक्या काळ्या रेघेला मात्र पायऱ्या पडतात. भुवई, तलवारीची कड, केसाची बट इथे नीट बघा, लगेच दिसेल.

श्रेयनामावली खालून वर सरकते, ती पुष्कळदा व्हिडिओवर वेगळी चढवलेली असते. टेलिसिने उलटवल्यावर चित्र गुळगुळीत होतं आणि अक्षरं थोडी अडखळतात. पूर्ण उपाय हवा तर तेवढा तुकडा वेगळा करून, दोन वेगवेगळ्या फ्रेमरेटची एमकेव्ही बनवावी लागते. दीड मिनिटाच्या अक्षरांसाठी एवढी खटपट करावी का, हे ज्याने त्याने ठरवावं. चित्र नीट राहिलं तर ते अडखळणं सोडून द्यावं, असं आमचं मत.

आणखी तीन सेटिंग पाहा. ऑटो-क्रॉप बंद ठेवा. ते मोजक्या फ्रेम पाहून काळी कड कापतं आणि अवकाशातल्या काळ्याभोर दृश्यांत त्याचा अंदाज चुकतो. डीव्हीडीचं ७२० बाय ४८० हे माप तसंच ठेवा आणि दाखवण्याचं प्रमाण ४:३ असं नोंदवा. स्वतः ६४० बाय ४८० केलंत तर आडव्या दिशेचा तपशील विनाकारण जातो. दाबायचंच असेल तर एक्स २६४ या एन्कोडरला सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) १६ ते १८, संथ प्रीसेट. फिल्मचे दाणे असतील तर अ‍ॅनिमेशनचं ट्यून लावू नका, ते दाणे पुसायच्या बाजूचं आहे. आकाशाच्या रंगछटांत पट्टे पडत असतील, तर १० बिटमध्ये एन्कोड करा. मोठं करून एचडी करण्याच्या भानगडीत पडू नका. एसडी आणि एचडीचं रंगांचं गणित वेगळं आहे, ते न बदलता मोठं केलं की हिरवा आणि लाल दोन्ही सरकतात.

सबटायटल जुळत नसतील तर

फाइल उघडल्यावर पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, दोन्ही वेळा तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल, समजा ७ सेकंद, तर सुरुवातीच्या कंपनीच्या लोगोचा फरक आहे. सगळी सबटायटल तेवढी मागेपुढे करा, झालं. फरक वाढत जात असेल तर गतीचा घोळ आहे. पीएएल डिस्क २४ फ्रेमची फिल्म २५ ने पळवते. २५ मिनिटांचा भाग तिथे साधारण २३ मिनिटं ५९ सेकंदांत संपतो, म्हणजे शेवटापर्यंत मिनिटभराचा फरक पडतो. आवाजही थोडा चढा लागतो. अशा सबटायटलच्या सगळ्या वेळा १.०४२७ ने गुणा. सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलण्याची सोय आहे, तिथे २५ वरून २३.९७६ असं द्या.

फरक मधेच उडी मारत असेल, तर दोन आवृत्त्यांत जाहिरातीच्या विरामाची पाटी किंवा मागच्या भागाची झलक कमी-जास्त आहे. उडी जिथे पडते तिथून पुढचाच भाग सरकवा.

फक्त कॅसेटवर किंवा लेझरडिस्कवर असलेलं काम

कितीतरी ओव्हीए डीव्हीडीपर्यंत पोहोचलेच नाहीत. ती कामं वाचवायची असतील तर मेहनत याच टप्प्यावर घ्यावी लागते.

आधी वीज. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं. आपल्याकडे २३० वरून ११० करणारे ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात, पण लाइन २५० वर गेली की ते जवळपास १२० व्होल्ट देतात. १०० व्होल्टचं आउटपुट मागूनच घ्या, मग २५० लाही ते १०९ च्या आत राहतं. १०० व्हीए क्षमता व्हीसीआरला पुरते, लेझरडिस्क प्लेयरच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट बघून त्याच्या दुप्पट घ्या. ५० हर्ट्झची चिंता नको. पूर्व जपानमध्ये ५० आणि पश्चिमेकडे ६० आहे, त्यामुळे घरगुती मशीन सहसा दोन्हींवर चालणारी असतात. तरी मागची पट्टी वाचून खात्री करा.

घरातला जुना पीएएल व्हीसीआर जपानी कॅसेट दाखवू शकेल, पण तो खरं एनटीएससी देत नाही, पीएएल-६०, म्हणजे एनटीएससीची गती आणि पीएएलचा रंग, देतो. टीव्हीला ते चालतं, कॅप्चर कार्डला बहुधा नाही, चित्र कृष्णधवल येतं. म्हणून एनटीएससीचाच व्हीसीआर मिळवा, शक्यतो टाइम बेस करेक्टर (टीबीसी) असलेला. कॅसेटवरच्या ओळी डुगडुगत येतात, टीबीसी त्या एका रेषेत आणतो. त्याशिवाय सरळ खांबाची कड वाकडी दिसते आणि कॅप्चर करताना फ्रेम गळतात.

कॅसेट मशीनमध्ये घालायच्या आधी खिडकीतून रिळाच्या कडेला पाहा. पांढरी तंतूसारखी जाळी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात ठेवलेल्या कॅसेटवर ती हमखास दिसते. ती मशीनमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागते. ती पिशवीत वेगळी ठेवा, साफ करणाऱ्याकडे द्या. स्वच्छ कॅसेट खोलीच्या तापमानाला दिवसभर ठेवा, मग शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. हेड पुसायचं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी. काडी स्थिर धरा, ड्रम हाताने हळू फिरवा. वर-खाली पुसू नका. कानात घालायची कापसाची काडी तर अजिबात नको, तिचा धागा हेडच्या टोकात अडकतो आणि टोक तुटतं.

कॅप्चर ७२० बाय ४८०, २९.९७, इंटरलेस्ड, ४:२:२, हफवाययूव्ही या काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये करा. तासाला ३० गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. थेट एमपी४ बनवणारी स्वस्त यूएसबी यंत्रं टाळा. ती आधीच डीइंटरलेस करून देतात आणि मग वर सांगितलेला टेलिसिनेचा नमुना परत मिळवता येत नाही. चित्र पुढे-मागे झटके देत असेल, तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे, वरचं आधी की खालचं आधी, ते बदला. शेवटची गोष्ट काळ्या रंगाची. जपानमध्ये एनटीएससीचा काळा ० आयआरईवर (आयआरई म्हणजे सिग्नलच्या उजेडाचं माप) असतो, अमेरिकेत ७.५ वर. अमेरिकन सेटिंगवर कॅप्चर केलं तर अंधाऱ्या दृश्यांतले तपशील काळ्यात बुडतात. रात्रीचं दृश्य लावा, हिस्टोग्राममध्ये काळा १६ च्या आसपास येईपर्यंत ब्राइटनेस वाढवा, आणि मगच पूर्ण कॅसेट घ्या.

लेझरडिस्क ३० सेंटिमीटरची. सीएलव्ही प्रकारची असेल तर एका बाजूला ६० मिनिटं, सीएव्ही प्रकारची असेल तर ३०. डिस्कवर चित्र कंपोझिट स्वरूपातच असतं, म्हणून एस-व्हिडिओची तार नेहमी चांगलीच असं नाही. प्लेयरचा कॉम्ब फिल्टर (प्रकाश आणि रंग वेगळे करणारा) चांगला की कॅप्चर यंत्राचा, ते दोन्ही तारांनी एक मिनिट घेऊन, बारीक रेघांच्या कपड्यावर ताडून पाहा. आवाज डिजिटल असेल तर ऑप्टिकलने ४४.१ किलोहर्ट्झ असा सरळ घ्या. चित्रभर रंगीत ठिपके चमकत असतील आणि दर वेळी त्याच जागी येत असतील, तर तो लेझर रॉट. आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर खराब होतो. पुसून जात नाही आणि वाढतच राहतो. अशी डिस्क आजच कॅप्चर करा, जमल्यास त्याच कामाची दुसरी प्रत मिळवून खराब जागा तिच्यावरून भरा.

ठेवणं

फाइलच्या नावात काम, भागाचा आकडा, मूळ माध्यम आणि ते निघाल्याचं वर्ष घाला, उदाहरणार्थ 'गनबस्टर ०३ एलडी १९८९'. दोन वर्षांनी दुसरी डीव्हीडी हाती आली की कुठली फाइल कशावरून केली, हे यावरूनच कळतं. चेकसम (फाइल बदलली आहे का ते दाखवणारा आकडा) काढून बाजूला मजकूर फाइलमध्ये ठेवा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन नकला ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या घरांत.

डिस्क आणि कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. लेझरडिस्क आडव्या रचल्या तर वजनाने वाकतात. कॅसेट पूर्ण मागे फिरवून ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला आणि दमटपणा मोजायचं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. रंग बदलणाऱ्या जेलची पुडी घेताना निळ्याऐवजी नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. पावसाळा संपला की ऑक्टोबरात सगळ्या कॅसेट एकदा बाहेर काढा, खिडकीतून रीळ तपासा, शेवटपर्यंत पुढे आणि मागे फिरवा आणि डब्यावर तारीख लिहून परत ठेवा.